अजगराचें बालसंगोपन



आजच्या भाषणाचा मथळा ऐकतांच कित्येक घरांत रेडिओ बंद करण्यासाठीं हात पुढें झाला असेल. संध्याकाळची वेळ आहे, देवापुढें दिवा लागला आहे, मुलें अभ्यासाला बसलीं आहेत, आणि अशा वेळीं हा कोण गृहस्थ सापाचें नांव काढतो आहे, असें वडील मंडळींस वाटलें तर त्यांत नवल नाहीं. आमच्या लहानपणीं दिवेलागणीनंतर सापाला साप म्हणण्याचीहि चोरी होती; ‘लांबडें’ किंवा ‘जनावर’ म्हणून वेळ निभवावी लागे. तेव्हां आरंभींच सांगून टाकतों कीं, मी कोणी सर्पविद्येचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलों आणि पुढें सारा जन्म मुलांना शिकविण्यांत घालविला, एवढीच माझी योग्यता. आज मी जें सांगणार आहें, तें अकरा वर्षांच्या एका मुलाकडून शिकलों आहें. तो मुलगा माझा नातू, आणि शिकण्यासाठीं जी फी मला द्यावी लागली, तिचाहि हिशेब पुढें येईलच.

माझी मुलगी व जांवई अमेरिकेंत पिट्सबर्ग शहरीं असतात. २०२३ सालच्या सप्टेंबरांत आम्ही उभयतां त्यांच्याकडे गेलों. नातवानें दारांतच वांकून नमस्कार केला आणि दुसऱ्याच वाक्याला विचारलें, “आजोबा, माझा साप पाहतां ना?” नाहीं म्हणावें, तर इतक्या वर्षांनीं भेटलेल्या नातवाचें मन मोडतें, होय म्हणावें, तर पाय पुढें होत नाहींत. अखेर त्याच्या मागोमाग गेलों. खोलींत एक लांबट कांचेची पेटी होती. तींत लाकडाच्या भुशावर, गडद तपकिरी रंगाचा आणि वर फिकट बदामी ठिपके असलेला, मुठीएवढा एक गोळा पडला होता. डोकें कोठें, शेपूट कोठें, कांहीं कळेना. आमची मंडळी माझ्या खांद्यामागून डोकावून म्हणाली, “अगबाई, कोणीं लाडू वळून ठेवल्यासारखें दिसतंय!” त्या क्षणापासून त्या पिलाचें इंग्रजी नांव मागें पडलें आणि सगळें घर त्याला ‘लाडू’ म्हणूं लागलें.

ह्या जातीचें नांवहि ह्याच संवयीवरून पडलें आहे. भय वाटलें कीं हा साप सहसा पळत नाहीं, फूत्कारहि सहसा टाकीत नाहीं. आपलें डोकें मध्यभागीं लपवून अंगाचा घट्ट चेंडू करून बसतो. म्हणून अमेरिकेंत त्याला ‘बॉल पायथन’ म्हणजे चेंडू-अजगर म्हणतात. इंग्लंडांत त्यालाच ‘रॉयल पायथन’ म्हणण्याची चाल आहे. जॉर्ज शॉ ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १८०२ सालीं त्याचें वर्णन करतांना जें लॅटिन नांव दिलें, त्याचाहि अर्थ ‘राजाचा’ असाच आहे. मूळ देश आफ्रिका; पश्चिमेस सेनेगलपासून मध्यभागीं युगांडापर्यंतचा गवताळ मुलूख. आफ्रिकेच्या अजगरांत हा सर्वांत लहान. पूर्ण वाढला तरी तीन ते पांच फूट. मादी नराहून थोराड. दिवसां उंदराच्या बिळांत नाहींतर वारुळांत दडून राहावें आणि रात्रीं बाहेर पडावें, असा त्याचा नेम असतो. त्याला विष नाहीं.

बेनिन देशांत वीदा नांवाचें एक गांव आहे. तेथें ह्या अजगरांचें देऊळ आहे आणि त्यांत डझनावारी अजगर सुखानें नांदतात. रात्रीं त्यांना भक्ष्यासाठीं बाहेर सोडतात. एखादा कोणाच्या घरांत शिरला, तर घरची माणसें त्याला मारीत नाहींत. पाहुणा समजून देवळांत परत आणून पोंचवितात. नागपंचमीच्या दिवशीं नागाचें चित्र भिंतीवर काढून पूजणाऱ्या आपल्या लोकांना हें वाचून आपलेंच कोणी तिकडे राहतें आहे असें वाटेल. ह्याच बेनिन, टोगो, घाना ह्या देशांतून पुष्कळ वर्षें हे साप परदेशीं जात आले. आतां युरोप-अमेरिकेंत पाळलेल्या सापांचीच पैदास मोठ्या प्रमाणावर होते. नातवाचें पिलूंहि असेंच पिंजऱ्यांत जन्मलेलें, चार महिन्यांचें, एकशें दहा ग्रॅम वजनाचें होतें.

आतां मूळ विषयाकडे वळतों. कोणतेंहि मूल वाढवितांना आई दोन गोष्टींकडे लक्ष ठेवते: त्यानें काय व किती खाल्लें, आणि त्याला कोणीं कसें उचललें. अजगराच्या पिलाचेंहि बालसंगोपन ह्या दोन गोष्टींतच आलें.

परंतु त्यापूर्वीं घराविषयीं चार शब्द सांगणें भाग आहे. कारण सापाची भूक त्याच्या पोटांत नसून त्याच्या घराच्या उबेंत असते. आपलें शरीर आपली उष्णता आपणच उत्पन्न करतें. सापाला ती बाहेरून घ्यावी लागते. म्हणून पेटीची एक बाजू एकतीस ते तेहतीस अंश सेंटिग्रेड आणि दुसरी पंचवीस ते सत्तावीस अंश अशी राखावी लागते. साप स्वतःच्या गरजेप्रमाणें इकडून तिकडे जातो. उष्णता देणाऱ्या साधनाला तिचें नियमन करणारें यंत्र, म्हणजे थर्मोस्टॅट, जोडलेलाच पाहिजे. नाहींतर साप भाजण्याचा धोका असतो. दोन्ही बाजूंस अंग चेपून बसतां येईल अशी एकेक अंधारी ढोली हवी, ताज्या पाण्याचें भांडें हवें, हवेंत बेताचा ओलावा हवा, आणि झांकणाला भक्कम कडी हवी. ही शेवटची गोष्ट सर्व साधनांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाची आहे. ज्या फटींतून सापाचें डोकें बाहेर जातें, तींतून बहुधा सर्व साप बाहेर जातो.

अन्नाचा विषय निघतांच आमच्या मंडळीचा पहिला प्रश्न, “मग ह्याला दूध कधीं देतां?” असा होता. नातू हंसला. मी हंसलों नाहीं. कारण मलाहि तेंच विचारावयाचें होतें. साप दूध पिणारा प्राणी नव्हे. दूध त्याला पचतहि नाहीं. मुद्दाम तहानेला ठेवलेला नाग समोर येईल तें पितो आणि पुढें त्यानेंच आजारी पडतो. बॉल पायथन पाणी पितो आणि मांस खातो. घरांत त्याचें मांस म्हणजे उंदीर. फळ, भाजी, भात, अंड्याचा बलक असला कोणताहि पर्याय त्याला चालत नाहीं. शाकाहारी घरांत ह्या प्रश्नाचा निकाल साप आणण्यापूर्वीं लावावा. साप आणून मग त्याला आपला धर्म शिकवूं नये. माझ्या मुलीनें तळघरांत एक लहानसा निराळा फ्रीझर ठेवला होता. पाकिटांतून विकत मिळणारे, मारून गोठविलेले उंदीर त्यांत असत; स्वैंपाकघराशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता. उंदराला शिवलेला चिमटा, भांडें, टॉवेल, सर्व वेगळें. सोंवळ्याचा इतका कडक अंमल मीं माझ्या आजीनंतर तेथेंच पाहिला, आणि आरोग्याच्या दृष्टीनेंहि तो रास्तच होता.

किती द्यावें, ह्याचें माप सोपें आहे. पिलाच्या वजनाचा दहावा ते सातवा हिस्सा एवढ्या वजनाचा एक उंदीर द्यावा. म्हणजे एकशें दहा ग्रॅमांच्या पिलाला अकरा ते सोळा ग्रॅमांचा. वजनकांटा नसेल तर डोळ्यांनीं मापावें: उंदराची जाडी पिलाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढी असावी. पहिल्या वर्षीं पांच ते सात दिवसांनीं एक जेवण पुरें होतें. पुढें तें दहा-पंधरा दिवसांनीं, आणि पूर्ण वाढलेल्या सापाला दोन ते चार आठवड्यांनीं एकदां. आपल्याकडे प्रेम म्हणजे आग्रहाचा एक जास्त घांस असें समीकरण आहे. तें येथें चालत नाहीं. जास्त खाल्लेला साप सुदृढ न होतां लठ्ठ होतो.

जिवंत उंदीर कां देऊं नये, असें मीं विचारलें. मला वाटे, निसर्गांत तेंच घडतें. नातवानें समजावून दिलें कीं, निसर्गांत उंदराला पळावयास रान असतें, पेटींत नसतें. कोंडलेला उंदीर जिवावर उदार होऊन चावतो, आणि भूक नसलेल्या सापाला कुरतडून त्याच्या अंगावर मोठ्या जखमा करतो. शिवाय त्या उंदराचेंहि दुःख आहेच. सापाला मांस लागतें हें खरें. पण त्यासाठीं भय पसरविणें आवश्यक नाहीं.

आतां वाढण्याची रीत. आदल्या रात्रीं गोठलेला उंदीर पिशवींत घालून फ्रिजच्या खालच्या भागांत ठेवावा, म्हणजे तो हळूहळू नरम होतो. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं तीच पिशवी तोंड बंद करून गरम पाण्यांत सोडावी. उंदीर आंतपर्यंत निवळून वरून सुमारें अडतीस अंश ऊन झाला कीं पुसून कोरडा करावा. शिजवूं नये आणि मायक्रोवेव्हमध्येंहि ठेवूं नये. तो कोठें गोठलेला राहतो, कोठें शिजतो, आणि कधीं कधीं फुटतोहि. ऊन करण्याचें कारण मोठें मौजेचें आहे. ह्या अजगराच्या ओठांवर लहान लहान खळग्यांची एक ओळ असते. त्यांनीं त्याला उष्णता ‘दिसते’. अंधाऱ्या बिळांत ऊन रक्ताचें भक्ष्य त्याला ह्या खळग्यांनींच सांपडतें. थंड उंदीर म्हणजे त्याच्या लेखीं दगड.

दिवे मंद करून, लांब चिमट्यानें उंदीर धरून, तो पिलाच्या समोर थोडा दूर ठेवावा आणि अगदीं हळू हालवावा. बोटांनीं कधींहि देऊं नये. भुकेल्या सापाला बोट आणि उंदीर ह्यांतील फरक करण्यास वेळ नसतो. पहिल्या वेळीं मी दारांत उभा राहून पाहत होतों. लाडवाचा गोळा सैल झाला; एक निमुळतें डोकें बाहेर आलें; जीभ दोनचारदां लवलवली; मानेला इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा बांक आला. पुढें काय झालें तें मला दिसलेंच नाहीं, इतकें तें झटकन झालें. दिसलें तेव्हां उंदराभोंवतीं तीन वेढे पडले होते. उंदीर आधींच मेलेला होता, हें त्या पिलाला कोण सांगणार? तें आपलें काम इमानानें करीत होतें.

ह्या ठिकाणीं एक कबुली देणें आहे. अजगर भक्ष्याला आवळून त्याचा श्वास कोंडतो, असें मीं तीस वर्षें वर्गांत शिकविलें. २०१५ सालीं त्याच पेनसिल्व्हेनियांतील डिकिन्सन कॉलेजांत स्कॉट बोबॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बोआ जातीच्या सापांवर प्रयोग करून दाखविलें कीं, त्या मिठींत श्वासापूर्वींच रक्ताचा प्रवाह बंद पडतो. कांहीं सेकंदांतच हृदयाचा जोर निकामी होतो. तसेंच ‘साप जबडा निखळवून गिळतो’ हें वाक्यहि मीं फळ्यावर लिहिलें आहे. जबडा निखळत नाहीं. खालच्या जबड्याचीं दोन अर्धुकें पुढच्या बाजूस हाडानें जुळलेलीं नसून ताणल्या जाणाऱ्या बंधानें जोडलेलीं असतात, म्हणून तोंड इतकें पसरतें. माझे जुने विद्यार्थी कोणी ऐकत असतील, तर त्यांनीं आपल्या वहींत एवढी दुरुस्ती करून घ्यावी.

पिलानें खाल्लें नाहीं, तर उंदीर सकाळपर्यंत काढून टाकावा. पुन्हां गोठवूं नये. आणि रोज रोज पुढें नाचवूं नये. आठवडाभर थांबून पुन्हां द्यावा. बॉल पायथन उपवासाबद्दल प्रसिद्धच आहे. कात टाकण्याचे दिवस जवळ आले कीं त्याचे डोळे दुधाळ निळसर होतात. तेव्हां त्याला नीट दिसत नाहीं आणि तो बहुधा खात नाहीं. नवें घर, थंड पेटी, फार उजेड, सारखी ये-जा, ह्यांपैकीं कशानेंहि त्याची भूक जाते. मोठा साप कांहीं महिने न खातां सहज राहतो. पिलाची पुंजी मात्र लहान असते. म्हणून दर आठवड्याला वजन करावें, आणि तें दहांत एक ह्या प्रमाणांत घटलें तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याला दाखवावें.

वजनावरून आठवलें. नातवाला मीं एकच गोष्ट शिकविली, ती म्हणजे हजेरीपट तयार करणें. एका वहींत तारीख, वजन, काय दिलें, खाल्लें कीं नाहीं, कात, आणि शेवटीं शेरा, असे सहा रकाने मीं स्वतः पट्टीनें आंखून दिले. त्या शेवटच्या रकान्यांत पुढें माझेंच नांव लिहिलें जाईल, हें मला काय ठाऊक!

नोव्हेंबरांत दिवाळी आली. तोंवर लाडू एकशें पन्नास ग्रॅमांचा झाला होता आणि मीहि बराच धीट झालों होतों. शुक्रवारीं, दहा तारखेस संध्याकाळीं त्यानें उंदीर खाल्ला. शनिवारीं फराळासाठीं पांचसात मराठी कुटुंबें घरीं जमलीं. बोलतां बोलतां सापाचा विषय निघाला आणि मी नातवाला म्हणालों, “जा, घेऊन ये त्याला. जरा दाखव सगळ्यांना.” तो म्हणाला, “आजोबा, काल जेवलाय तो. दोन दिवस हात नाहीं लावायचा.” मीं सांगितलें, “पांच मिनिटांनीं काय होतें?” मास्तरकीचा आवाज निवृत्त होत नाहीं. मुलानें एकदां आईकडे पाहिलें, एकदां माझ्याकडे, आणि तो साप घेऊन आला. पांच मिनिटांचीं वीस मिनिटें झालीं. लाडू सात-आठ हातांतून फिरला, त्याचीं छायाचित्रें निघालीं, मुलें किंचाळलीं, आणि मी मध्यें उभा राहून आफ्रिकेचा भूगोल सांगत होतों.

दुसऱ्या दिवशीं लक्ष्मीपूजन. सकाळीं नातवाच्या खोलींतून हांक आली, ती ऐकून मी अनवाणी धांवलों. पेटींत अर्धवट पचलेला उंदीर पडला होता. त्याचा दर्प सुटला होता, आणि लाडू थंड कोंपऱ्यांत निपचित पडला होता. मुलगा रडत नव्हता. तो वही घेऊन बसला होता. शेऱ्याच्या रकान्यांत त्यानें आपल्या वांकड्या देवनागरींत लिहिलें होतें, ‘उलटी. कारण: आजोबांचे पाहुणे.’

सापाची उलटी ही माणसाच्या उलटीसारखी किरकोळ बाब नसते. ब्रह्मदेशच्या अजगरावर झालेल्या संशोधनांत असें दिसून आलें आहे कीं, मोठें जेवण झाल्यावर दोनतीन दिवसांत त्याचें हृदयसुद्धां सुमारें चाळीस टक्क्यांनीं वाढतें. आंतडीं फुगतात, यकृत वाढतें. सर्व देह त्या एका जेवणाच्या कामाला लागतो. अशा वेळीं त्याला उचलणें म्हणजे चुलीवर भात रटरटत असतांना चूलच उचलून दुसऱ्या खोलींत नेण्यासारखें आहे. भ्यालेला साप पळण्यासाठीं हलका होऊं पाहतो आणि पोटांतील ओझें टाकून देतो. त्याबरोबर पोटांतील पाचक आम्ल वर येऊन गळ्याला जाळतें आणि अंगांतील पाणीहि जातें.

पशुवैद्यांनीं सांगितलें, दोन आठवडे कांहीं देऊं नका. पाणी ठेवा, ऊब राखा, हात लावूं नका. मग नेहमींच्या निम्म्या आकाराचें भक्ष्य द्या. ते दोन आठवडे मला फार जड गेले. उलटीच्या दिवशीं वजन भरलें एकशें एकेचाळीस ग्रॅम. सव्वीस नोव्हेंबरास लहान उंदीर दिला. लाडवानें तोंड फिरविलें. वजन एकशें अडतीस. तीन डिसेंबरास पुन्हां नकार. डोळे निळसर झालेले. वजन एकशें छत्तीस. पशुवैद्यांनीं घालून दिलेली मर्यादा एकशें पस्तीसची होती. म्हणजे मध्यें एक ग्रॅम उरला होता, आणि बाहेर बर्फ पडत होतें. मी रोज पहाटे उठून हलक्या पायांनीं त्या खोलीच्या दारापर्यंत जाई, आणि नातवाची झोंप मोडूं नये म्हणून तेथूनच परत फिरे. नातू मला एका शब्दानेंहि बोलला नाहीं. त्यानें बोलावें, असें मला वाटत होतें.

आठ तारखेस लाडवानें कात टाकली. नाकापासून शेपटीपर्यंत अखंड, पातळ मलमलीच्या पायमोज्यासारखी. दहा तारखेस संध्याकाळीं दिवे मंद झाले. नातवानें चिमटा माझ्या हातीं दिला आणि म्हणाला, “आजोबा, आज तुम्ही द्या.” माझा हात थरथरत होता. तो थरथर बहुधा उंदराला जिवंतपणा देण्यास पुरेसा झाला असावा. कारण लाडवानें झेंप घेतली ती इतकी अचूक कीं चिमटा माझ्या हातून पडला. त्या रात्रीं शेऱ्याच्या रकान्यांत ‘खाल्लें’ एवढाच शब्द पडला. त्यापुढचे दोन दिवस त्या खोलीच्या दारावर पहारा कोणीं केला असेल, तें सांगावयास नकोच.

आतां हाताळण्याचे नियम सांगतों. ते मीं अशा रीतीनें शिकलों आहें, म्हणून जरा अधिकारानें सांगतों.

पिलूं नवें घरीं आलें कीं पहिला आठवडा, शक्य तर दोन आठवडे, त्याला हात लावूं नये. पाणी बदलावें, घाण काढावी, आणि बाजूला व्हावें. पहिलीं दोनतीन जेवणें त्यानें सुरळीत घेतलीं म्हणजे हाताळण्यास आरंभ करावा. तोहि आठवड्यांतून दोनतीनदां, पांच-दहा मिनिटें. जेवणानंतर पुरे अठ्ठेचाळीस तास, आणि डोळे निळसर असतांना मुळींच नाहीं.

उचलतांना हात वरून नेऊं नये. मी पहिल्याच वेळीं वरून हात घातला, तेव्हां नातवानें माझें मनगट धरलें होतें. “आजोबा, वरून येते ती घार. बाजूनें या.” बाजूनें, सावकाश, त्याला दिसेल असा हात न्यावा. आधीं गुंडाळलेल्या कागदानें किंवा बोटाच्या पाठीनें अंगाच्या मध्यावर हलकेंच शिवावें. म्हणजे ही जेवणाची वेळ नव्हे, हें त्याला कळतें. मान बांकदार करून तो रोखून पाहत असेल, तर त्या दिवशीं नाद सोडून द्यावा. उचलतांना एक हात अंगाच्या पहिल्या तिसऱ्या भागाखालीं आणि दुसरा शेपटीकडच्या भागाखालीं असावा. पकडूं नये, आधार द्यावा. आपला हात म्हणजे झाडाची फांदी आहे असें त्याला वाटलें पाहिजे. डोक्याला किंवा मानेला धरूं नये. तो पुढें सरकला कीं एका हातापुढें दुसरा हात ठेवीत जावें. चेंडू झाला तर उलगडण्याचा यत्न करूं नये. तसाच परत ठेवून द्यावा. उभें राहून हाताळण्यापेक्षां जमिनीवर बसून हाताळावें. सुटून पडला तर इजा होत नाहीं.

चावला तर? पिलाचे दांत सुईसारखे बारीक आणि आंत वळलेले असतात. थोडें रक्त येतें, साबणपाण्यानें धुवावें, विष नाहीं. हिसडा मात्र देऊं नये, त्यानें त्याचे दांत मोडतात आणि आपली कातडी फाटते. चावण्यापेक्षां खरें भय न दिसणाऱ्या गोष्टीचें आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नांवाचे जंतु असूं शकतात. म्हणून हाताळण्यापूर्वीं आणि नंतर साबणानें हात धुवावे. साप किंवा त्याचीं भांडीं स्वैंपाकघरांत आणूं नयेत. आणि पांच वर्षांखालील मुलांना त्याला हात लावूं देऊं नये.

हें सर्व ऐकून एखाद्या मुलानें वडिलांजवळ साप मागण्यापूर्वीं दोन गोष्टी ऐकून ठेवाव्या. पहिली आयुष्याची. हा प्राणी नीट पाळला तर वीस-तीस वर्षें जगतो. सेंट लुई येथील प्राणिसंग्रहालयांत १९६१ सालीं आलेल्या एका मादीनें २०२० सालीं, वयाची साठी उलटल्यावर, सात अंडीं घातलीं. म्हणजे अकराव्या वर्षीं आणलेला साप चाळिसाव्या वर्षींहि जेवणाची वाट पाहत बसलेला असूं शकतो. दुसरी गोष्ट कायद्याची. आपल्याकडचा अजगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत आहे. त्याला पकडणें किंवा घरीं ठेवणें हा गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला तरी २०२२ सालीं झालेल्या दुरुस्तीनें आणि २०२४ च्या नियमांनीं अशा प्राण्यांची सरकारीं नोंद करणें मालकास बंधनकारक झालें आहे. चोरवाटेनें, पिशव्यांतून कोंबून आणलेलीं पिलें विकत घेणें म्हणजे त्या चोरींत भागीदार होणें होय. माझें स्वतःचें मत विचाराल, तर आपल्या सापांना आपण रानांत व शेतांत सुखानें राहूं दिलें, तरी पुरे आहे.

हें मत मला फार उशीरा आलें. १९८९ सालीं आमच्या शाळेच्या कौलांच्या ढिगांत सहा-सात फुटांची एक धामण निघाली. मुलें ओरडलीं. मीं काठ्या आणावयास सांगितलें. मुलांनीं ती मारली आणि मीं त्यांना शाबासकी दिली. शेजारचा शेतकरी बांधावरून पाहत होता. तो एवढेंच म्हणाला, “मास्तर, उंदीर खाणारं जनावर होतं. कुणाला चावत नाही ते.” मीं त्याला उत्तर दिलें नाहीं. त्या वर्गांतील मुलें आतां पन्नाशीच्या घरांत आलीं असतील. माझा एक धडा ते विसरले असोत, अशी माझी इच्छा आहे.

लाडू आतां नऊशें ग्रॅमांचा झाला आहे. दर रविवारीं नातू फोनवर वजन सांगतो आणि मी येथें माझ्या वहींत तें उतरून घेतों. परवां त्यानें विचारलें, “आजोबा, ह्या दिवाळीला याल ना?” मीं म्हटलें, “येईन. पण त्या आठवड्याचें त्याचें जेवण कोणत्या वारीं आहे, तें आधीं कळव.”